मोकळ्या हाताच्या हजार रेघा

अमरावतीला आमच्या वस्तुसंग्रहालयात तेव्हा दोन खोल्या होत्या. पहिलीत मेळघाटातून आणलेला, पेंढा भरलेला एक बिबट्या, गंजलेल्या चार तलवारी आणि जुनी नाणी. दुसरी खोली रिकामी होती. मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंगची बाई होते, आणि चित्रकलेचं मला कळतं असं समजून समितीनं मला संग्रहालयाची बिनपगारी चिटणीस केलं होतं. समितीत मुख्य माणसं दोन. अध्यक्ष होते एक नावाजलेले वकील, आणि दुसरे माझे वडील. बाबा भिक्षुकी करायचे. गावातल्या निम्म्या लग्नमुंजी त्यांच्या हातून झालेल्या, म्हणून त्यांना कुठल्याही समितीत घ्यायची पद्धतच पडली होती.

तिसरा माणूस समितीत नव्हता, पण संग्रहालय खरं तर तोच चालवायचा. आमचा चौकीदार. घरी भाजीचा मळा होता. पहाटे वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी बाजारात टाकून दहाच्या ठोक्याला तो खाकी कोट घालून दारात हजर. पन्नाशीचा, उंच, काटक. मी त्याला दादा म्हणायची.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वकीलसाहेबांचा भाचा अमेरिकेत शिकायला होता. तिथं त्याचं चित्रकारांच्या घोळक्यात उठणंबसणं सुरू झालं. मामानं लहानपणी सांभाळलं, शिकवलं, म्हणून त्यानं मामाच्या संग्रहालयाला तिकडची तीन चित्रं भेट पाठवली. लाकडी खोका आला तेव्हा वकीलसाहेबांनी काळा कोट घातला, बाबांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला, आणि दादानं पहारीनं खिळे काढले.

पहिलं चित्र बाहेर आलं. चांगला चार फुटी कॅनव्हास, सागवानी चौकट, आणि चित्र पांढरं. नुसतं पांढरं.

"उलटं धरलं असेल," बाबा म्हणाले.

दादानं ते उलटं केलं. मागची बाजूही पांढरीच होती.

"जहाजात ओल लागली," वकीलसाहेब म्हणाले. "रंग धुऊन निघाला पूर्ण!" त्याच संध्याकाळी त्यांनी माल पोचवणाऱ्या कंपनीला तीन पानी नोटीस धाडली की आमचं चित्र वाटेत सांडलं. महिन्याभरानं कंपनीचा माणूस चौकशीला आला. चित्रात पूर्वी काय होतं, असं त्यानं विचारलं. वकीलसाहेबांना सांगता येईना. मग ते म्हणाले, "बहुतेक नदीकाठ असावा." त्यानं तसं लिहून घेतलं. तेवढ्यात भाच्याचं पत्र आलं की चित्र पांढरंच आहे, ते तसंच काढलेलं आहे, आणि मामा, कृपा करून नोटीस मागे घ्या.

दुसरी वस्तू म्हणजे सारख्या मापाचे सात लोखंडी डबे. भिंतीला लागून एका ओळीत ठेवायचे, बस. ते ठेवल्यावर बिबट्या बघायला आलेली माणसं त्यांच्यावर बसून चिवडा खायला लागली. दादा प्रत्येकाला उठवायचा, आणि माणसं विचारायची, "मंग कायले ठेवले?" दादा मग माझ्याकडे बोट दाखवायचा.

आणि तिसरं चित्र एका लिफाफ्यात होतं. टंकलेला एक कागद, खाली सही. वकीलसाहेबांनी चष्मा लावून तो मराठी करत वाचला.

"एका भिंतीवर, एका माणसानं, मोकळ्या हातानं, शिसपेन्सिलीनं एक हजार उभ्या रेघा काढाव्या. कोणतीही रेघ दुसरीला शिवू नये. ज्याच्याजवळ हा कागद, त्याच्याजवळ हे चित्र. चित्र एका वेळी एकाच भिंतीवर असावं."

"आणि चित्र कुठं आहे?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी लिफाफा झटकला. काही पडलं नाही.

"म्हणजे चित्र आपणच काढायचं?" ते म्हणाले. "मग यानं काय केलं?"

बाबा मात्र कागदाकडे आदरानं बघत होते. "अहो, सरळ आहे," ते म्हणाले. "ही पोथी आहे. सत्यनारायण कसा करायचा ते पोथीत असतं. पूजा यजमानाच्या घरी होते, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मांडणी मोडते. पोथी आपली माझ्या पिशवीत. यात न समजण्यासारखं काय आहे?"

आयुष्यभर मी पुढे कलेवरची बरीच व्याख्यानं ऐकली. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

रेघा मीच काढायच्या असं ठरलं, कारण मी ड्रॉइंगची बाई. दुसऱ्या खोलीतली भिंत वीस फूट लांब. मी हिशोब केला, दोन रेघांत जवाच्या दाण्याएवढं अंतर पडत होतं. रविवारी सकाळी पदर खोचून मी उभी राहिले. डोक्याच्या वरपासून गुडघ्यापर्यंत रेघ ओढायची, पट्टी न लावता. दहा ठीक गेल्या. विसाव्या रेघेला हात भरून आला. त्रेचाळिसाव्या रेघेला मला शिंक आली, आणि ती रेघ मागच्या चार रेघांना भेटून परत आली.

मी पुसलं, पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा एकतीसपर्यंत गेले. तिसऱ्यांदा माझ्या रेघा हळूहळू उजवीकडे कलायला लागल्या, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारख्या. दादा दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, मी काढू का?"

"तुम्ही कधी चित्र काढलंय का, दादा?"

"चित्र नाई काढलं. पन हे चित्र कुठी हाये? हे त वाफे होय. मी रोज सऱ्या पाडतो. तुमी रेघेकडं पाहून राहिल्या, म्हनून ते वाकडी होते. जिथं जायचं तिथं पाहा लागते."

त्यानं कोट काढून बाहेरच्या खोलीतल्या बिबट्याच्या पाठीवर ठेवला, पेन्सिल हातात घेतली, भिंतीच्या तळाशी एका ठिकाणी नजर लावली आणि श्वास सोडत हात खाली आणला. रेघ सरळ उतरली. ओळंब्यासारखी नाही. थोडीशी जिवंत, कांद्याच्या पातीसारखी. पण सरळ. मग दुसरी. मग तिसरी. मी गपचूप बाजूला झाले.

दारावरचं काम सांभाळून नऊ दिवस तो रेघा काढत होता. मोजायला त्यानं एक वाटी ठेवली होती, रेघ झाली की तिच्यात ज्वारीचा एक दाणा टाकायचा. नवव्या दिवशी तो म्हणाला, "झाल्या." समिती आली. वाटी ओतून दाणे मोजले तर सातशे बावीस. सगळे चक्रावले. तेवढ्यात खिडकीवर दोन चिमण्या येऊन बसल्या आणि त्यांनी वाटीकडे अशा ओळखीनं पाहिलं, की दाण्यांचा पुरावा तिथंच बाद झाला.

मग बाबांनी जपाची माळ काढली. एका रेघेला एक मणी, असं पुटपुटत ते भिंतीकडेनं सरकत गेले. नऊ माळा आणि वर अठ्ठावीस मणी. बरोबर हजार. वकीलसाहेबांनी वहीत खुणा करत मोजल्या. एक हजार एक.

"तुमची एक सुटली, महाराज."

"माळ चुकत नाही, वकीलसाहेब."

"पुन्हा मोजा."

बाबांनी पुन्हा मोजल्या. या वेळी त्यांच्याही एक हजार एक आल्या. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मग उत्तम झालं! नुसता हजार हा आकडा बरा दिसतो का? वर एक असावाच. सहस्रनामात एखादं नाव जास्त घेतलं तर देव रागावतो का?"

"देव नाही रागावणार, चित्रकार रागावेल. कागदावर एक हजार लिहिलंय. एक पुसा."

दादा रबर घेऊन पुढं झाला. "कोनती पुसू?"

वकीलसाहेब भिंतीसमोर येरझारा घालू लागले. ही? नको, ही छान आली आहे. ती? ती गेली तर मधे खिंडार पडेल. तासभर विचार करून त्यांनी अगदी टोकाची रेघ दाखवली. दादा म्हणाला, "थे त पहिली होय, साहेब. तिच्यापासून त सुरू केलं म्या." वकीलसाहेबांनी रबर खिशात टाकलं आणि ते घरी गेले. तो विषय पुन्हा कधी सभेत निघाला नाही.

भिंत बघायला माणसं येऊ लागली. तोंडातोंडी बातमी अकोल्याला गेली. तिथल्या एका कलामंडळाचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर. त्यांचं पत्र आलं की आपलं हजार रेघांचं चित्र प्रदर्शनापुरतं द्यावं.

भिंत अकोल्याला कशी पाठवायची, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. आम्ही आता तयार झालो होतो. कागद पाठवायचा. अडचण एकच होती, चित्र एका वेळी एकाच भिंतीवर. म्हणजे अकोल्याला रेघा पडायच्या आधी अमरावतीच्या पुसायला हव्या.

"माह्या हातानं नाई पुसनार," दादा म्हणाला. "आन कोनाले पुसूबी नाई देनार." आणि दारात आडवा उभा राहिला.

वकीलसाहेबांनी दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळली. मग घरून चार चादरी आणल्या आणि भिंत झाकून टाकली. "झाकलेलं चित्र हे चित्र नव्हे," त्यांनी निकाल दिला. "चित्र म्हणजे बघायची वस्तू. दिसत नाही, म्हणजे नाही." बाबांनीही मान डोलावली.

कागद घेऊन मी एस.टी.नं निघाले. सोबत दादा होता. एकटी मुलगी कशी पाठवायची म्हणून बाबांनी त्याला पाठवला, आणि अकोल्याला वांग्यांना काय भाव आहे ते बघायचं म्हणून तोही वांग्यांची टोपली घेऊन खुशीत आला. बडनेरा, मूर्तिजापूर करत दुपारी आम्ही पोचलो. हेडमास्तर दारातच स्वागताला उभे. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर मोजके केस, ते तेल लावून नीट वाटून घेतलेले.

"या, या! आम्ही तुमची वाट नाही पाहिली. अटी पत्रात होत्याच. चित्र तयार आहे!"

आत गेलो. लांबलचक भिंतीवर एक हजार रेघा, चकचकीत, एकसारख्या, जणू छापखान्यातून आल्या होत्या. बाजूला गावातला एक पेंटर उभा होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याच्या हातात सहा फुटी लाकडी पट्टी आणि ओळंबा.

दादा जवळ गेला, वरून खाली पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला आणि माझ्या कानाशी आला. "बाई, हे रेघा नाई. हे खिडकीचे गज होय."

मी कागद काढला. "सर, यात मोकळ्या हातानं असं लिहिलंय."

"हात मोकळाच होता," हेडमास्तर म्हणाले. "पट्टी भिंतीला होती."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. समोर एक हेडमास्तर, म्हणजे माझ्या लेखी वाघच. दुसऱ्या दिवशी अकराला उद्घाटन. पण कागद माझ्या हातात होता, आणि ज्याच्याजवळ कागद त्याच्याजवळ चित्र, असं त्यातच लिहिलेलं होतं. मी म्हणाले, "हे चालणार नाही, सर. ही भिंत पांढरी करावी लागेल. समोरच्या भिंतीवर आमचे दादा काढतील."

"उद्या अकरापर्यंत?"

"नाई होनार," दादा शांतपणे म्हणाला. "तीन दिवस लागतीन. लोकायले पाहू द्या ना काढतानी. मी काही लाजत नाई."

पेंटरनं स्वतःच चुन्याची बादली आणली आणि आपल्या हजार रेघांवर ब्रश फिरवला. मला इतकं अपराधी वाटलं की मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

उद्घाटनाला पन्नास माणसं होती. दादानं नवा सदरा घातला होता. पहिली रेघ उतरली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "एक!" दुसरीला चारपाच जण म्हणाले, "दोन!" विसाला सगळा दिवाणखाना मोजत होता. बाकीच्या भिंतींवर निसर्गचित्रं होती, देवदेवता होत्या, पाणी भरणाऱ्या बाया होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुपारपर्यंत बाजारात बातमी गेली की एक माणूस भिंतीवर रेघा मारून राहिला आणि चुकत नाही. माणसं पिशव्यांसकट यायला लागली.

हिवरखेडचा एक म्हातारा शेतकरी सरकी विकायला आला होता, तो पहिल्या दिवशी दुपारी बसला तो तिसऱ्या दिवशीच उठला. मधूनमधून तो शेरे मारायचा. "साठावं तास जरासक डावीकडं गेलं, भाऊ." वावरातल्या नांगराच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. हेडमास्तर दर वेळी घड्याळाकडे बघायचे.

आणि तो पेंटर. मला वाटलं होतं तो रागावून घरी गेला असेल. पण तो दादाच्या पायाशी बसून पेन्सिली तासत होता. दर दहा रेघांना एक टोकदार पेन्सिल वर द्यायचा. संध्याकाळी मला म्हणाला, "बाई, मी वीस वर्षं ब्रश धरून राहिलो. रेघ ओढतानी मी श्वास रोखतो. ह्या मानसाले पाहा, हा सोडते." आणि मग माझ्यासमोरच जमिनीवर खडूनं श्वास सोडत एक रेघ ओढून बघितली. वाकडी आली. त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोटाळा झाला. सहाशे बारावी रेघ उतरत असताना कुणीतरी उत्साहानं शिट्टी मारली. दादाचा हात किंचित हलला. रेघ संपली तेव्हा ती मधल्या एका जागी शेजारणीच्या इतकी जवळ गेली होती की शिवली की नाही ते कळेना.

"शिवली!" एक जण ओरडला. "बाद!"

"नाई शिवली!"

"बाद, बाद!"

खो-खोच्या मैदानावर होतो तसा गोंधळ सुरू झाला. दोन गट पडले. दादा पेन्सिल धरून माझ्याकडे बघत राहिला. कागदात शिवू नये एवढंच होतं, शिवली तर काय, ते नव्हतं. मी नाक भिंतीला लावून पाहिलं. मलाही सांगता येईना.

तेव्हा गर्दीतून एक घड्याळजी पुढं आला. डोळ्याला भिंग लावून त्यानं त्या जागी बराच वेळ पाहिलं.

"शिवली नाही," तो म्हणाला. "मधून केस जाईल."

"दाखवा मग!" विरोधी गट.

केस कुणाचा? माझा घ्यावा तर फार लांब. पेंटरच्या डोक्यावर चुना उडालेला. घड्याळजीनं इकडेतिकडे पाहिलं आणि हेडमास्तरांजवळ जाऊन अदबीनं म्हणाला, "सर, एकच."

हेडमास्तरांनी आपल्या मोजक्या केसांवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं एक केस उपटून दिला. घड्याळजीनं तो चिमट्यात धरून दोन रेघांच्या मधे भिंतीला टेकवला. डाव्या बाजूला पांढरं, मधे केस, उजव्या बाजूला पांढरं. आधी भिंग विरोधी गटाला दिलं, मग ओळीनं सगळ्यांना. टाळ्या पडल्या. दादा घाम पुसत म्हणाला, "शिट्टी कोनी मारू नका बाप्पा. वावरात कोनी मारत नाई." आणि सहाशे तेरावी रेघ सुरू केली.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास चित्र पूर्ण झालं. पूर्ण झालं म्हणजे दिवाणखान्याच्या अर्ध्या भागाचं झालं. मोजताना काहींनी एकोणऐंशीनंतर नव्वद म्हटलं होतं, त्यामुळे त्यांच्या हजार रेघा इतरांपेक्षा दहा रेघा आधीच संपल्या. उरलेल्यांच्या संपेपर्यंत पहिल्या भागानं पेढे वाटून घेतले. हेडमास्तरांनी दादाला शाल आणि नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. दादा उभा राहिला. "मले बोलता येत नाई," तो म्हणाला. "पन अकोल्याची भित चांगली हाये. आमच्याइकडची खरबुडी." आणि बसला. अकोल्याच्या लोकांना हे फार आवडलं.

निघताना हेडमास्तर कुरकुरत म्हणाले, "रेघा आमच्याकडे राहू द्या की." मी म्हणाले, कागद घेऊन मी बसमध्ये चढले की त्या नुसत्या रेघा होतील, चित्र नव्हे, ठेवा खुशाल. त्यांनी विचार केला, आणि हो म्हणाले. पेंटर बसपर्यंत सोडायला आला. त्यानं दादाला पेन्सिलींचा एक जुडगा दिला. दादानं त्याला उरलेली वांगी दिली.

वकीलसाहेबांनी हे सगळं भाच्याला सविस्तर कळवलं, केसाच्या प्रकरणासह. दोन महिन्यांनी उत्तर आलं. मूळ चित्रकाराला पत्र वाचून दाखवलं, तो हसून हसून खुर्चीवरून पडता पडता वाचला, आणि त्याची इच्छा आहे की ज्या माणसानं रेघा काढल्या त्यानं त्या कागदावर, त्याच्या सहीखाली, आपलं नाव लिहावं.

वकीलसाहेबांनी शाईचं पॅड काढलं. दादा आजवर अंगठाच देत आला होता. पण त्या दिवशी तो पॅडकडे बघत उभा राहिला आणि हात पुढं करेना.

"काय झालं?"

"बाई," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "नाव लिवाले किती दिवस लागतीन?"

महिना लागला. रोज दुपारी संग्रहालयात कुणी नसताना मी पाटीवर अक्षर काढून द्यायची आणि तो गिरवायचा. अक्षरं छान यायची. त्याच्या नावात उभे दांडे बरेच होते, आणि दांडा म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण वरची आडवी रेघ काही केल्या सरळ येईना. सुरुवातीला ठीक असायची, मग चढायला लागायची, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत चिखलदऱ्याच्या घाटात पोचायची.

"उभं जमते मले," तो वैतागून म्हणायचा. "हे आडवं काहून जमत नाई?"

"वाफे आडवे नसतात का, दादा?"

"असतेत. मंग मी चालत जातो ना तिकडं."

शेवटी एका शुक्रवारी समिती जमली. बाबांनी मुहूर्त काढला होता. दादानं हात धुतले, कागदावर चित्रकाराच्या सहीखाली वाकला, श्वास सोडत आपलं नाव लिहिलं आणि मग वरची रेघ ओढली. ती चढत चढत गेली आणि थेट चित्रकाराच्या सहीला जाऊन भिडली.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, पुन्हा पाहिला.

"शिवली," ते म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले, "पण ही आडवी आहे. अट उभ्यांना होती."

वकीलसाहेबांनी मान हलवली, खाली "समक्ष" असं लिहिलं, तारीख घातली आणि शिक्का मारला. दादानं कागद शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला, कोणालाच दिला नाही.